भारताच्या राष्ट्रपतीचे अधिकार : कागदांतील व वहिवाटींतील

जुने राजकीय कागद वाचण्याची ज्यांस संवय आहे त्यांस एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाहीं. ती ही कीं, ज्याच्या नांवानें कागद निघाला त्याचाच त्यांतील निर्णय असेल असें नाहीं. शिक्का एकाचा, हस्ताक्षर दुसऱ्याचें व मसलत तिसऱ्याची, असा प्रकार पदोपदीं आढळतो. आणि या तिघांचा उलगडा झाल्यावांचून त्या कागदाचा इतिहासास खरा उपयोग होत नाहीं. भारतीय प्रजासत्ताकाचे कागद पाहतांनाही हाच विवेक ठेवावा लागतो. राज्यघटनेच्या ७७ व्या कलमाप्रमाणें केंद्र सरकारचें प्रत्येक कार्यकारी कृत्य राष्ट्रपतीच्या नांवानें होतें. पुढील काळांतील एखादा संशोधक केवळ या हुकुमांचीं बाडें चाळून अनुमान काढूं लागला, तर दिल्लीस १९५० पासून एकामागून एक अनियंत्रित सत्ताधीश राज्य करीत होते, असें त्यास वाटल्यास नवल नाहीं. वस्तुस्थिति काय आहे आणि ती कशी ठरत गेली, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम घटनेचा पाठ काय सांगतो तें पाहूं. ५३ व्या कलमानें संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतीच्या ठायीं ठेविली असून संरक्षणदलांचें सर्वोच्च आधिपत्यही त्यासच दिलें आहे. पंतप्रधानाची नेमणूक तो करतो. मंत्री त्याची मर्जी असेपर्यंत अधिकारावर राहतात. दोन्ही सभागृहांनीं संमत केलेलें विधेयक त्याच्या संमतीवांचून कायदा होत नाहीं. संसदेचें अधिवेशन चालूं नसतां तो वटहुकूम काढतो. लोकसभा विसर्जित करतो. शिक्षा माफ वा कमी करतो. आणि युद्ध वा बंड, राज्यांतील घटनात्मक कारभाराचा पाडाव व आर्थिक संकट या तीन प्रसंगीं अनुक्रमें ३५२, ३५६ व ३६० या कलमांखालीं त्याच्या एका उद्घोषणेनें देशाच्या कारभाराचें स्वरूपच पालटतें. या मोठ्या यादीसमोर ७४ वें कलम अगदींच लहान होतें. १९५० सालीं त्याच्या पहिल्या पोटकलमाचा आशय एवढाच होता कीं, राष्ट्रपतीस त्याच्या कार्यांत साहाय्य करण्यासाठीं व सल्ला देण्यासाठीं पंतप्रधानाच्या नेतृत्वाखालीं एक मंत्रिमंडळ असेल. सल्ला दिला जावा, असें कलम म्हणत होतें. तो मानलाच पाहिजे, असें म्हणत नव्हतें. पुढील सर्व वादाचें मूळ या एका न लिहिलेल्या वाक्यांत आहे.

हें वाक्य नजरचुकीनें राहिलें नाहीं. घटना समितीपुढें ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं मसुदा मांडतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं राष्ट्रपतीचें स्थान नि:संदिग्धपणें सांगितलें होतें. इंग्रजींत अमेरिकेच्या अध्यक्षास व आपल्या राष्ट्रपतीस एकच शब्द असला तरी हें केवळ नामसाम्य आहे. आपला राष्ट्रपति इंग्लंडच्या राजाच्या जागीं आहे, तो राज्याचा प्रमुख असला तरी कारभाराचा प्रमुख नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन होतें. शिक्क्यावरील चिन्हानें जसे राष्ट्राचे निर्णय जाहीर होतात तसें त्याचें कारभारांतील स्थान, अशी उपमाही त्यांनीं दिली. मराठी वाचकास ही उपमा परकी वाटूं नये. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही लहान मुद्रा उमटवीत. मजकूर येथें संपला, यापुढें कोणी अक्षर वाढवूं नये, असा तिचा अर्थ. शिक्का हा अधिकाराचें चिन्ह असतो तसाच मर्यादेचेंही असतो, हें आपल्याकडील दफ्तरदारांस चांगलें ठाऊक होतें.

निवडणुकीची पद्धतिही याच धोरणानें ठरली. राष्ट्रपति प्रौढ मतदानानें थेट निवडावा, अशी सूचना होती. परंतु सर्व देशानें मतें देऊन निवडलेल्या मनुष्यास अधिकार कांहींच द्यावयाचे नाहींत, हें विसंगत होईल, असें पंडित जवाहरलाल नेहरूंनीं १९४७ च्या जुलैंत समितीस सांगितलें. म्हणून संसदेचे व राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सभासद यांच्याकडे ही निवड आली. मात्र राज्यांचीं मतें त्यांत आल्यामुळें राष्ट्रपति केवळ लोकसभेंतील बहुमताचा नेमलेला मनुष्य राहिला नाहीं, हीही गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. इंग्लंडचा राजा वंशपरंपरेनें येतो; त्यास महाभियोगानें काढतां येत नाहीं; आणि लिखित घटनेचें रक्षण करण्याची शपथ घेण्याचा प्रसंगही त्यावर येत नाहीं, कारण तेथें तशी घटनाच नाहीं. आपल्या राष्ट्रपतीवर ६० व्या कलमानें ती शपथ घातली आहे. राजाची उपमा येथें थोडी अपुरी पडते, आणि पुढील वाद याच फटींतून शिरला.

ब्रिटिश अमदानींत गव्हर्नरास नेमणुकीबरोबर अनुदेशपत्र मिळत असे. त्या धर्तीवर राष्ट्रपतीसाठीं एक परिशिष्ट जोडून त्यांत मंत्र्यांच्या सल्ल्यानें वागण्याची आज्ञा घालावी, असा विचार मसुदा होत असतां पुढें आला होता. १९४९ च्या उत्तरार्धांत तो सोडून देण्यांत आला. वहिवाटीवर विसंबणें पुरेसें आहे असें कर्त्यांस वाटलें. समितीचे अध्यक्ष डॉ. राजेन्द्रप्रसाद यांच्या ध्यानांत ही उणीव आली होती. २६ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणांत त्यांनीं ती बोलून दाखविली व पुढें सांगितलें कीं, सल्ला मानण्याचें बंधन स्पष्ट शब्दांत घातलेलें नसलें तरी इंग्लंडांतील वहिवाट येथेंही पडेल अशी आशा आहे. दोन महिन्यांनीं तेच राष्ट्रपति झाले. इंग्लंडांत जी वहिवाट राजे व मंत्री यांच्या अनेक पिढ्यांच्या झगड्यांतून पडली, ती येथें पहिल्या दिवसापासून पडलेलीच आहे असें मानून चालावयाचें होतें. आणि तिची पहिली परीक्षा, तिच्याविषयीं आशा व्यक्त करणाऱ्याच्याच हातून व्हावयाची होती.

ती फार लांबली नाहीं. १९५१ च्या सप्टेंबरांत हिंदु संहितेचें विधेयक संसदेपुढें असतां राजेन्द्रप्रसादांनीं पंतप्रधानांस लिहिलें कीं, या विधेयकाविषयीं आपण स्वतःच्या विवेकानें वागूं इच्छितों. तात्पुरत्या संसदेनें, म्हणजे प्रौढ मतदानानें न निवडलेल्या सभागृहानें, समाजाच्या मूळ आचारांत हात घालूं नये, असा त्यांचा आक्षेप होता. नेहरूंनीं अल्लादि कृष्णस्वामी अय्यर व ॲटर्नी-जनरल मोतीलाल सेटलवाड यांचीं मतें मागविलीं. दोघांनींही राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें बांधलेला आहे असेंच सांगितलें, आणि तो प्रसंग तेथेंच निवळला. आमच्या मतें राजेन्द्रप्रसादांचा आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. पण तो मंत्र्यांस समजावून सांगण्याचा होता, सही रोखून धरण्याचा नव्हता. त्यांनींही अखेर हाच मार्ग पत्करला. निवडून आलेल्या संसदेनें १९५५ चा विवाहविषयक व १९५६ चा वारसाविषयक कायदा केला तेव्हां दोहोंस संमति त्यांचीच आहे. तथापि शंका त्यांच्या मनांतून गेली नाहीं. २८ नोव्हेंबर १९६० रोजीं दिल्लीस इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीच्या पायाभरणीप्रसंगीं त्यांनीं विधिज्ञांस जाहीरपणें विचारलें कीं, राष्ट्रपतीचे अधिकार व इंग्लंडच्या राजाचे अधिकार हे खरोखर एकच आहेत काय, याचा अभ्यास व्हावा. कन्हैयालाल मुन्शी हे मसुदा समितीचे सभासद होते. त्यांनीं १९६३ सालीं पुस्तक लिहून राष्ट्रपतीस स्वतंत्र अधिकार आहेत असा पक्ष मांडला. घटना लिहिणाऱ्यांतच चौदा वर्षांत असा मतभेद पडावा, यावरून केवळ कर्त्यांच्या हेतूवर भिस्त ठेवून घटनेचा अर्थ लावणें किती धोक्याचें आहे हें दिसून येतें.

येथें एका जुन्या उदाहरणाचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. आपण ज्यास 'पंतप्रधान' म्हणतों तो शब्द मूळचा पेशव्यांच्या पदाचा. पेशव्यांच्या शिक्क्यांत छत्रपतींचें नांव आधीं व प्रधानाचें मागून असे, आणि पेशवाईचीं वस्त्रें साताऱ्याहून यावीं लागत. शाहू महाराज हयात असतां या वस्त्रांस अर्थ होता. त्यांच्या १७४९ मधील निधनानंतर व १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर कारभार पुण्यास गेला. १७७४ सालीं सवाई माधवराव ४० दिवसांचे असतां त्यांच्या नांवें वस्त्रें आलीं, तेव्हां देणाऱ्यास नाकारण्याची सोय उरली नव्हती. हें साम्य फार ताणूं नये, कारण छत्रपतींची सत्ता मूळची खरी होती व वहिवाटीनें गेली, तर राष्ट्रपतीस ती खऱ्या अर्थानें कधींच दिलेली नव्हती. परंतु नामधारी प्रमुखाच्या हातीं प्रश्न विचारण्याचीही ताकद राहिली नाहीं म्हणजे त्याच्या सहीचें काय होतें, हें या उदाहरणावरून समजतें, आणि आपल्या विषयाचें मर्मही त्यांतच आहे.

न्यायालयांचा कौल प्रथमपासून मंत्रिमंडळाच्या बाजूनें होता. रामजवाया कपूर यांच्या १९५५ च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रपति हा औपचारिक प्रमुख असल्याचें सांगितलें. १९७१ सालीं लोकसभा विसर्जित झाल्यावरही मंत्रिमंडळ असलेंच पाहिजे, राष्ट्रपतीस एकट्यानें कारभार करतां येत नाहीं, असा निर्णय झाला. त्याच वर्षीं एका दुसऱ्या खटल्यांत मात्र, सरकारी नोकरास चौकशीवांचून काढावयाचें तर राष्ट्रपतीची व्यक्तिशः खात्री झाली पाहिजे, असें मत पडलें. तें १९७४ सालीं शमशेरसिंग यांच्या खटल्यांत सात न्यायाधीशांनीं फिरविलें. घटनेंत जेथें जेथें राष्ट्रपतीची 'खात्री' असा शब्द आहे तेथें ती त्याची व्यक्तिगत नसून मंत्रिमंडळाची होय, हा सिद्धांत तेव्हांपासून स्थिर झाला. म्हणजे वहिवाट पुरी पडली होती. पण वहिवाट पुरी पडणें म्हणजे सल्ला निमूटपणें घेणें, एवढाच तिचा अर्थ लोक करूं लागले होते. तो किती अपुरा आहे हें पुढील वर्षींच दिसून आलें.

२५ जून १९७५ च्या रात्रीं जें घडलें तें अभ्यासकानें बारकाईनें पाहण्यासारखें आहे. पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनीं राष्ट्रपति फकरुद्दीन अली अहमद यांस पत्र पाठविलें. अंतर्गत अशांततेमुळें देशाच्या सुरक्षिततेस तांतडीचा धोका आहे, सबब ३५२ व्या कलमाखालीं उद्घोषणा करावी. मंत्रिमंडळाची बैठक आज रात्रीं घेणें शक्य नाहीं, आणि कारभाराच्या नियमांपैकीं १२ व्या नियमानें नेहमींची रीत सोडण्याची मुभा आहे, असा त्याचा आशय. राष्ट्रपतींनीं त्याच रात्रीं सही केली. मंत्री जमले ते दुसऱ्या दिवशीं सकाळीं ६ वाजतां, आणि होऊन गेलेल्या गोष्टीस त्यांनीं मान्यता दिली. तोंवर विरोधी पक्षांचे पुढारी अटकेंत पडलेले होते.

या प्रसंगाचा विचार करतांना राष्ट्रपति बांधलेले होते, त्यांस दुसरा इलाज नव्हता, असें बहुधा म्हटलें जातें. घटनेचा पाठ पाहतां हें टिकत नाहीं. बंधन होतें तें मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचें. आलेला सल्ला एकट्या पंतप्रधानांचा होता, आणि तसें पत्रांतच लिहिलें होतें. ७८ व्या कलमाचें तिसरें पोटकलम तर याचसाठीं आहे. मंत्रिमंडळानें विचारांत न घेतलेला एखाद्या मंत्र्याचा निर्णय मंत्रिमंडळापुढें ठेवावयास लावण्याचा अधिकार तें राष्ट्रपतीस देतें, आणि तें १९५० पासून घटनेंत आहे. १२ वा नियम हा कारभाराचा नियम. त्यानें घटनेच्या कलमास बाध येत नाहीं. शिवाय १९७१ च्या डिसेंबरांत पुकारलेली आणीबाणी अद्यापि उठलेली नव्हती. एक चालूं असतां दुसरी कशासाठीं, हा साधा प्रश्नही विचारतां आला असता. 'हें मंत्रिमंडळापुढें ठेवा आणि सकाळीं या' असें म्हणण्यास राष्ट्रपतींस कोणत्याही नव्या अधिकाराची गरज नव्हती. त्यानें आणीबाणी टळली असती असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. मंत्र्यांनीं सकाळीं जें केलें तेंच रात्रींही केलें असतें. पण निर्णय कोणाचा, हें तरी कागदावर आलें असतें.

यानंतरच्या दुरुस्त्या या एका रात्रीच्या छायेंत वाचल्या पाहिजेत. १९७५ च्याच ३८ व्या दुरुस्तीनें आणीबाणीविषयीं राष्ट्रपतीची खात्री अंतिम ठरवून न्यायालयांचें दार बंद केलें. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनें, १९४९ सालीं न लिहिलेलें वाक्य ७४ व्या कलमांत आलें : राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागेल. तत्त्वतः यांत नवीन कांहीं नव्हतें. पण वहिवाटींत जी लवचिकता असते ती लेखांत राहत नाहीं. १९७७ च्या एप्रिलांत याचा प्रत्यय आला. नवीन जनता सरकारनें नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. फकरुद्दीन अली अहमद फेब्रुवारींत वारले होते व उपराष्ट्रपति बी. डी. जत्ती काम पाहत होते. त्यांनीं सही करण्यास प्रथम कांकूं केली. पण सल्ला परत पाठविण्याचें कलम कोठेंच नसल्यामुळें दुसऱ्या दिवशीं त्यांस ती करावी लागली. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनें ती सोय केली. राष्ट्रपति सल्ल्याचा फेरविचार करण्यास सांगूं शकतो. फेरविचारानंतर जो सल्ला येईल तो मात्र त्यास मानावाच लागतो. त्याच दुरुस्तीनें ३५२ व्या कलमांत 'अंतर्गत अशांतता' हे शब्द काढून 'सशस्त्र बंड' हे घातले, आणि केंद्रीय मंत्रिपरिषदेचा निर्णय लेखी आल्यावांचून उद्घोषणा काढूं नये, असें बंधन घातलें. हा 'लेखी' शब्द आम्हांस सर्व दुरुस्तींत मोलाचा वाटतो. ३८ व्या दुरुस्तीचें बंद दारही पुन्हां उघडलें.

फेरविचाराचा हा अधिकार एकदांच वापरावयाचा असल्यामुळें लहान दिसतो. व्यवहारांत तो तसा ठरला नाहीं. १९९७ च्या ऑक्टोबरांत उत्तर प्रदेशाचें सरकार बरखास्त करण्याचा गुजराल मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपति के. आर. नारायणन् यांनीं परत पाठविला, आणि मंत्रिमंडळानें तो सोडून दिला. पुढील वर्षीं सप्टेंबरांत बिहारविषयीं वाजपेयी मंत्रिमंडळाचा तसाच सल्ला त्यांनीं परत केला. तेव्हांही माघार झाली. दोन्ही वेळीं सरकारें निरनिराळ्या पक्षांचीं होतीं, ही गोष्ट नारायणन् यांच्या बाजूनें बोलते. १९९९ च्या फेब्रुवारींत बिहारविषयीं पुन्हां सल्ला आला तेव्हां त्यांनीं सही केली. पण राज्यसभेंत बहुमत मिळणार नाहीं हें दिसतांच सरकारनें मार्चांत ती उद्घोषणा स्वतःच मागें घेतली. याच्या उलट उदाहरण २००५ च्या मे महिन्यांतील. बिहारची विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला राष्ट्रपति ए. पी. जे. अब्दुल कलाम यांस ते मॉस्कोस असतां रात्रीं पाठविण्यांत आला व त्यांनीं तेथूनच सही केली. सर्वोच्च न्यायालयानें पुढें तें विसर्जन घटनाबाह्य ठरविलें. विधानसभा बसण्यापूर्वींच मोडण्याची एवढी घाई कां, हा प्रश्न त्या रात्रीं विचारावयाचा राहून गेला. कलाम यांनींच पुढील वर्षीं, लाभाच्या पदांविषयींचें विधेयक मात्र संसदेकडे परत पाठविलें. संसदेनें तें आहे तसेंच पुन्हां संमत केलें व १११ व्या कलमाप्रमाणें त्यांनीं संमति दिली.

या १११ व्या कलमांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. विधेयक परत पाठवावयाचें तर 'शक्य तितक्या लौकर' पाठवावें, एवढेंच तेथें म्हटलें आहे. दिवसांची मोजणी नाहीं. अमेरिकेंत अध्यक्षास रविवार वगळून १० दिवस मिळतात. आपल्याकडे मुदत नसल्यामुळें संमतीही न देणें व परतही न पाठविणें, असा तिसरा मार्ग शिल्लक राहिला. लोकांचीं पत्रें अडवून पाहण्याचा विस्तृत अधिकार सरकारास देणारें टपालविषयक विधेयक १९८६ सालीं संसदेनें संमत केलें. राष्ट्रपति ग्यानी झैलसिंग यांनीं तें आपल्या मेजावर ठेवून दिलें व १९८७ च्या जुलैंत मुदत संपल्यावर तें तसेंच ठेवून ते निवृत्त झाले. त्यांच्यामागून आलेल्या आर. वेंकटरमण यांनीं १९९० सालीं तें परत पाठविलें, आणि २००२ सालीं सरकारनें मागें घेतलें. परिणाम चांगला झाला हें कोणीही कबूल करील. परंतु साधन चांगलें होतें असें म्हणतां येत नाहीं. फेरविचारास पाठविलेल्या विधेयकावर संसद उत्तर देऊं शकते, मेजावर पडून राहिलेल्या विधेयकावर देऊं शकत नाहीं. घटनादुरुस्तीच्या विधेयकास हा मार्ग १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीनें बंद केला आहे. तेथें संमति द्यावीच लागते.

राज्यांचीं जीं विधेयकें राज्यपाल राष्ट्रपतीसाठीं राखून ठेवतो त्यांची अवस्था याहून बिकट आहे. २०१ व्या कलमाखालीं विधानसभेनें तें दुसऱ्यांदां संमत केलें तरी राष्ट्रपतीनें संमति दिलीच पाहिजे असें नाहीं, म्हणजे येथें केंद्रीय मंत्रिमंडळाचा नकार राष्ट्रपतीच्या नांवाखालीं अनिश्चित काळ टिकतो. ८ एप्रिल २०२५ रोजीं तामिळनाडूच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीं यासाठीं ३ महिन्यांची मुदत सांगितली. त्यावर राष्ट्रपति श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनीं मे महिन्यांत १४३ व्या कलमाखालीं न्यायालयास १४ प्रश्न विचारले. २० नोव्हेंबर २०२५ रोजीं सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पांच न्यायाधीशांच्या पीठानें मत दिलें कीं, घटनेंत नसलेली मुदत न्यायालयास घालतां येत नाहीं, आणि मुदत टळली म्हणून संमति मिळाली असेंही मानतां येत नाहीं. पाठ पाहतां हें मत बरोबर आहे. उणीव पाठांतच आहे.

एका बाबतींत मात्र राष्ट्रपतीस सल्ला देणारा कोणीच नसतो. ती म्हणजे पंतप्रधानाची निवड. लोकसभेंत एका पक्षास बहुमत असलें कीं ही निवड केवळ उपचार. बहुमत नसलें कीं खरी सत्ता. १५ जुलै १९७९ रोजीं मोरारजी देसाईंनीं राजीनामा दिल्यावर राष्ट्रपति नीलम संजीव रेड्डी यांनीं प्रथम विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांस सरकार बनविण्याचा प्रयत्न करण्यास सांगितलें. तें त्यांस साधलें नाहीं. मग चरणसिंग यांची नेमणूक झाली व चव्हाण उपपंतप्रधान झाले. चरणसिंग लोकसभेपुढें विश्वासमतासाठीं गेलेच नाहींत. २० ऑगस्टला त्यांनीं राजीनामा दिला व लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. रेड्डींनीं जगजीवनराम यांचा हक्क बाजूस ठेवून तो मानला. ज्या मंत्रिमंडळावर लोकसभेनें एकदांही विश्वास प्रकट केला नव्हता, त्याचा सल्ला बंधनकारक कसा, याचें समाधानकारक उत्तर रेड्डींच्या समर्थकांनींही दिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. पुढील राष्ट्रपतींनीं या प्रसंगापासून बोध घेतलेला दिसतो. १९९६ सालीं डॉ. शंकरदयाळ शर्मा यांनीं सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्यास, अटलबिहारी वाजपेयींस, ठराविक मुदतींत विश्वासमत घेण्याच्या अटीवर बोलाविलें, आणि तें मंत्रिमंडळ १३ दिवस टिकलें. १९९८ सालीं नारायणन् यांनीं नेमणुकीपूर्वींच पाठिंब्याचीं पत्रें मागविलीं. हीही एक नवी वहिवाटच, आणि तीही घटनेंत कोठें लिहिलेली नाहीं.

राष्ट्रपतीनें मर्यादा ओलांडली तर ६१ व्या कलमाखालीं महाभियोग आहे. सभागृहाच्या एक चतुर्थांश सभासदांच्या सह्यांची सूचना, १४ दिवसांचा अवधि, आरोपासाठीं एकूण सभासदांच्या दोनतृतीयांशांचें बहुमत, व दुसऱ्या सभागृहाच्या चौकशीनंतर पुन्हां तितकेंच बहुमत, इतकी कडक रचना आहे. ती आजवर वापरावी लागलेली नाहीं.

शेवटीं संशोधकांच्या दृष्टीनें एका पोटकलमाचा उल्लेख करणें अवश्य आहे. ७४ व्या कलमाचें दुसरें पोटकलम म्हणतें कीं, मंत्र्यांनीं राष्ट्रपतीस कोणता सल्ला दिला याची चौकशी कोणत्याही न्यायालयांत होणार नाहीं. १९९४ सालीं बोम्मई यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें यांतून एवढी वाट काढली कीं, सल्ला पाहतां आला नाहीं तरी ज्या माहितीवर तो आधारला ती मागवितां येते. २५ जून १९७५ चें पंतप्रधानांचें पत्र आज आपणांस वाचावयास मिळतें तें न्यायालयांमुळें नव्हे. १९७७ सालीं सरकार बदललें, शहा आयोग बसला आणि त्याच्या चौकशींत तो कागद बाहेर आला, म्हणून.